कोरेल्लीचे सोनाटा आणि त्यांच्या तबकड्या : दोन पक्षांचा संवाद

आर्कांजेलो कोरेल्लीच्या बारा व्हायोलिन सोनाटांचा संग्रह रोममध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकेवर १ जानेवारी १७०० ही तारीख होती. हा त्याचा पाचवा प्रकाशित संग्रह, म्हणून तो ओपस ५ या नावाने ओळखला जातो. अठरावे शतक संपेपर्यंत त्याच्या चाळीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या आणि युरोपातल्या व्हायोलिनवादकांच्या कित्येक पिढ्यांचे हात त्यावर तयार झाले. पहिले सहा सोनाटा चर्चच्या धाटणीचे आहेत. त्यांत संथ आणि द्रुत भाग आलटून पालटून येतात. पुढचे पाच दिवाणखान्यातले, नृत्यांच्या चालींवर बांधलेले आहेत. बारावा सोनाटा म्हणजे ‘फोलिया’ या जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या सुरावटीवर एकामागून एक रचलेले रूपभेद.

छापील पानावर मात्र फारच थोडे आहे. वर व्हायोलिनची एक ओळ आणि खाली मंद्र स्वरांची एक ओळ. खालच्या ओळीतल्या काही स्वरांपाशी आकडे लिहिलेले असतात, आणि त्या आकड्यांवरून हार्प्सिकॉर्ड किंवा ल्यूट वाजवणाऱ्याने मधले स्वरसंघात आपल्या मनाने भरायचे असतात. सतत चालणाऱ्या या साथीला बासो कंटिन्युओ म्हणतात. संथ भागांत व्हायोलिनच्या ओळीतही लांब लांब स्वर सुटे सुटे उभे असतात. त्यांच्यामधली वाट वादकाने स्वतः काढावी अशी अपेक्षा असे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत छापलेली बंदिश म्हणजे ख्याल नव्हे, हे ज्याला माहीत आहे त्याला हा प्रकार समजायला अडचण पडणार नाही.

ध्वनिमुद्रणाची सगळी अडचण येथूनच सुरू होते. जे संगीत कागदावर मुद्दाम अपुरे ठेवले होते, ते तबकडीवर एकदा आणि कायमचे पूर्ण करावे लागते. तारा कशाच्या, गज कोणता, साथीला किती वाद्ये, अलंकरण किती, मूळ सूर किती उंच, या सगळ्यांचा निर्णय मायक्रोफोनसमोर बसण्याआधी व्हावा लागतो. या निर्णयांबद्दल गेली शंभर वर्षे चाललेल्या वादात दोन पक्ष स्पष्ट दिसतात. संगीतकाराच्या काळातील वाद्ये, ग्रंथ आणि रिवाज यांना प्रमाण मानणाऱ्यांना येथे इतिहासपक्ष म्हटले आहे. संगीत आजच्या वादकाचे आणि आजच्या श्रोत्याचे असते, असे मानणाऱ्यांना वर्तमानपक्ष म्हटले आहे.

इतिहासपक्ष : वाद्यापासून आरंभ करावा. कोरेल्लीच्या व्हायोलिनला तातीच्या तारा होत्या आणि हनुवटीचा टेकू नव्हता. गज आखूड आणि बाहेरच्या अंगाला फुगीर होता. आज सगळीकडे दिसणारा लांब, आत वळलेला गज पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने १७८० च्या दशकात पक्का केला. हनुवटीचा टेकू लुई श्पोरने १८२० च्या सुमारास आणला. पोलादी तार तर पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाली. जुन्या गजाने काढलेला स्वर उमटतो, भरतो आणि आपोआप ओसरतो. कोरेल्लीची वाक्ये या ओसरण्याच्या हिशेबानेच बांधलेली आहेत. शेवटपर्यंत एकाच ताकदीने ओढलेली अखंड रेघ त्याच्या कानांवर कधी पडलीच नव्हती.

वर्तमानपक्ष : गज बदलला म्हणून कान बदलत नाहीत. योझेफ योआखिमने १९०३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांमधले दोन भाग ध्वनिमुद्रित केले. हातात तूर्तच्या घडणीचा गज होता. तरीही त्या वादनात स्वराचा कंप बेताचा आहे, लय श्वास घेते आणि प्रत्येक वाक्य वेगळे उच्चारलेले ऐकू येते. मग दोष गजाला द्यायचा की पुढच्या पिढीच्या सवयींना?

इतिहासपक्ष : योआखिमच्या व्हायोलिनवर तातीच्याच तारा होत्या, हे विसरू नये. आणि ज्या सवयींचा आपण उल्लेख केला त्या नव्या वाद्याबरोबरच वाढल्या. प्रत्येक स्वरावर अखंड कंप देण्याची रीत फ्रिट्झ क्राइस्लर आणि याशा हाइफेट्झ यांच्या काळात सर्वमान्य झाली. लेओपोल्ड मोत्सार्टने १७५६ च्या आपल्या व्हायोलिनग्रंथात असा सतत थरथरणारा हात स्पष्ट शब्दांत नापसंत केला आहे.

वर्तमानपक्ष : त्याच्या पाचच वर्षे आधी, १७५१ मध्ये, लंडनमध्ये फ्रान्चेस्को जेमिनियानीचा व्हायोलिनग्रंथ निघाला. त्यात हा कंप शक्य तितक्या वेळा वापरावा, अगदी छोट्या स्वरांवरही वापरावा, असा सल्ला आहे. जेमिनियानी तर कोरेल्लीचा शिष्य म्हणून ओळखला जातो. कोरेल्लीच्या सोनाटासाठी कोणाचा शब्द मानायचा? शिष्याचा, की साल्झबुर्गच्या दुसऱ्या घराण्यातल्या गुरूचा?

हा प्रश्न इतिहासपक्षाला खरोखर अडचणीत टाकणारा आहे. अठराव्या शतकातले ग्रंथ एका आवाजात बोलत नाहीत. योहान योआखिम क्वांट्सचा बासरीवरचा ग्रंथ १७५२ चा, म्हणजे कोरेल्लीच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी लिहिलेला, आणि तोही बर्लिनच्या दरबारात. रोममधला १७०० चा रिवाज सांगायला तो अपुरा साक्षीदार आहे. तरीही गजाबद्दलचा इतिहासपक्षाचा मुद्दा ग्रंथांवर अवलंबून नाही; तो हाताला आणि कानाला पटणारा आहे. सिगिस्वाल्ट कुइकेनने १९६९ च्या सुमारास हनुवटीने न धरता, नुसते खांद्यावर टेकवून व्हायोलिन वाजवायला सुरुवात केली. अशा धरणीत डावा हात वर-खाली मनमानी धावू शकत नाही. त्यामुळे बोटांची ठेवण आणि वाक्यांचे तुकडे आपसूक बदलतात. जुन्या वाद्यांचा खरा लाभ हा की ती वादकाला काही गोष्टी करू देत नाहीत, आणि त्यामुळे रचनेची घडण उघडी पडते.

मूळ सुराच्या उंचीचा वाद त्या मानाने लहान आहे. आज ए हा स्वर ४४० कंपनांचा धरला जातो. जुन्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांत तो बहुधा ४१५, म्हणजे अर्धा स्वर खाली असतो. ४१५ हा आकडा सोयीचा म्हणून ठरला आहे. रोममध्ये सूर त्याहूनही उतरा होता, व्हेनिसमध्ये बराच चढा. ज्या तबकडीवर रोमचे आणि व्हेनिसचे संगीत एकाच ४१५ वर वाजते, तिने इतिहासाशी तडजोड केलेलीच असते, आणि ती तडजोड क्षम्य आहे.

वर्तमानपक्ष : मग ध्वनिमुद्रणाचा इतिहासही तपासावा. आरंभीच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावे. ज्या ग्रामोफोन कंपनीने योआखिमला मुद्रित केले, तिनेच १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानला मुद्रित केले. दोघांनाही तीच कात्री लागली. जॉर्जे एनेस्कूने १९२९ मध्ये पियानोच्या साथीने कोरेल्लीची फोलिया आणि हँडेलचा डी मेजर सोनाटा वाजवला. आज त्या साथीला कोणी शुद्ध म्हणणार नाही. तरीही त्या तबकड्यांनी हे संगीत जिवंत ठेवले.

इतिहासपक्ष : जिवंत ठेवले, आणि ओळखू न येण्याइतके बदलूनही ठेवले. पियानोचा भरीव आवाज मंद्र ओळीला गिळून टाकतो. व्हायोलिन पुढे आणि बाकी सगळे मागे, हा एकोणिसाव्या शतकातल्या मैफलीचा तोल आहे. कोरेल्लीत मंद्राची ओळ व्हायोलिनशी बरोबरीने बोलते. वांडा लांडोव्स्काने हार्प्सिकॉर्डला पुन्हा मंचावर आणले, हे तिचे थोर कार्य. पण प्लेयेल कारखान्यात तिच्यासाठी १९१२ मध्ये घडलेले वाद्य लोखंडी चौकटीचे होते. जुन्या हार्प्सिकॉर्डचा चटकदार, लवकर विरणारा आवाज त्यात नव्हता.

या बाबतीत पुरावा इतिहासपक्षाच्या बाजूने आहे. १९३३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. बाझेलमध्ये जुन्या संगीताच्या अभ्यासासाठी स्कोला कांतोरुम ही शाळा सुरू झाली, आणि पॅरिसमध्ये कुर्ट साक्स या संगीतशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ‘लान्थोलोजी सोनोर’ ही तबकड्यांची मालिका. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, जर्मनीत ‘आर्खिव्ह’ ही जुन्या संगीताला वाहिलेली ध्वनिमुद्रणमाला निघाली. १९५८ मध्ये टेलिफुंकेनने ‘दास आल्टे वेर्क’ ही माला सुरू केली. अमेरिकेत १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी बाजारात आली होती, त्यामुळे सोनाटाचे तुकडे करण्याची गरज संपली. मार्टिन स्कोव्रोनेकसारख्या कारागिरांनी अठराव्या शतकातल्या हार्प्सिकॉर्डच्या लाकडी घडणीचा अभ्यास करून नवी वाद्ये बनवली आणि गुस्टाव्ह लेओनहार्टसारख्या वादकांनी ती वाजवली. तेव्हा साथ किती हलकी आणि किती बोलकी असू शकते, हे सर्वांना प्रथमच ऐकू आले. कुइकेन आणि लेओनहार्ट यांनी १९७३ मध्ये बाखचे व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डसाठीचे सहा सोनाटा मुद्रित केले. हार्प्सिकॉर्डचा उजवा हात व्हायोलिनशी सवाल-जवाब करतो आणि डावा हात दोघांनाही पेलतो, ही त्या सोनाटांची मूळ रचना त्या ध्वनिमुद्रणात स्वच्छ उलगडते.

वर्तमानपक्ष : बाखचेच नाव निघाले म्हणून विचारावेसे वाटते. त्याचा व्हायोला द गांबा आणि हार्प्सिकॉर्डसाठीचा जी मेजर सोनाटा आणि दोन बासऱ्या व कंटिन्युओसाठीचा सोनाटा हे एकच संगीत आहे. संगीतकार स्वतः वाद्य बदलत असेल, तर लेनर्ड रोझने सेलोवर आणि ग्लेन गूल्डने पियानोवर १९७० च्या दशकात तेच सोनाटा वाजवले, यात अपराध कोणता?

इतिहासपक्ष : वाद्य बदलताना बाखने तोल बदलू दिला नाही. तीन स्वतंत्र ओळी तीनच राहिल्या.

वर्तमानपक्ष : गूल्डच्या पियानोवरही त्या तीनच राहतात, आणि प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. तोल ही कसोटी आपणच मांडलीत. त्या कसोटीवर गूल्ड उतरतो.

ही कबुली द्यावीच लागते. गूल्डचे वादन सतराव्या-अठराव्या शतकासारखे मुळीच नाही, पण ते रचनेशी प्रामाणिक आहे. जुने वाद्य घेऊनही ओळी एकमेकींत कालवून टाकणारी ध्वनिमुद्रणे आहेतच.

मंद्राच्या साथीचा प्रश्न कोरेल्लीच्या मुखपृष्ठावरच उभा आहे. ओपस ५ च्या शीर्षकात व्हायोलिनबरोबर व्हायोलोने ‘किंवा’ चिंबालो, म्हणजे सेलोच्या कुळातले मोठे वाद्य किंवा हार्प्सिकॉर्ड, असे छापले आहे. पुढे प्रथा पडली ती दोन्ही एकत्र वाजवण्याची, आणि ध्वनिमुद्रणांतही तीच रुळली. काहींनी त्यात ल्यूट, गिटार, ऑर्गन यांची भर घातली. अँड्र्यू मॅन्झ आणि रिचर्ड एगार यांनी या शतकाच्या आरंभी ओपस ५ पूर्ण मुद्रित केला तो केवळ व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डवर. छापील ‘किंवा’ त्यांनी शब्दशः घेतला. त्यात मंद्राची ओळ थोडी कृश वाटते, पण दोन वादकांमधली जवळीक इतर ध्वनिमुद्रणांत क्वचितच सापडेल अशी आहे. सोनाटा दोघांच्या संभाषणावर उभा आहे, हे तेथे स्पष्ट कळते. वाद्यांची गर्दी करून रंग भरण्यापेक्षा हा मार्ग अधिक धीट आहे.

आता अलंकरणाचा मुद्दा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ॲम्स्टरडॅमचा प्रकाशक एतियेन रोजे याने १७१० मध्ये ओपस ५ ची नवी आवृत्ती काढली. तीत पहिल्या सहा सोनाटांच्या संथ भागांवर एक जादा ओळ छापली होती. मूळ ओळीतल्या चार-दोन स्वरांच्या जागी तीत स्वरांच्या लडीच्या लडी आहेत: चढत्या-उतरत्या ताना, मुरक्या, एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद उतरणारी वळणे. कोरेल्ली हे भाग स्वतः असेच वाजवतो, असा प्रकाशकाचा दावा होता. कोरेल्ली तेव्हा हयात होता. तो १७१३ मध्ये वारला. इंग्लंडमधला संगीतलेखक रॉजर नॉर्थ याने पुढे हा दावा साफ फेटाळला. इतका भरणा त्या उस्तादाच्या हातचा असूच शकत नाही, असे त्याचे मत होते. जेमिनियानी आणि त्याचा शिष्य मॅथ्यू ड्यूबर्ग यांच्या नावावर असलेली वेगळी अलंकरणेही उपलब्ध आहेत. म्हणजे एकाच संथ भागाची अनेक रूपे अठराव्या शतकातच लेखी नोंदली गेली होती.

इतिहासपक्ष : यावरून एवढे निश्चित होते की छापील लांब स्वर जसेच्या तसे वाजवणे हा वादनाचा अभाव आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संथ भाग गंभीर, स्थिर, मोठ्या स्वरांत वाजवत आणि त्यालाच शास्त्रशुद्ध म्हणत. ते निव्वळ सांगाडा वाजवत होते.

वर्तमानपक्ष : मान्य. पण अलंकरणाचा प्राण उत्स्फूर्ततेत असतो, आणि तबकडी नेमकी तीच मारते. पहिल्यांदा ऐकताना जी मुरकी आश्चर्याचा धक्का देते, ती पन्नासाव्यांदाही त्याच क्षणी, त्याच वजनाने येते. दर वेळी तीच येणारी गोष्ट अलंकरण राहत नाही. ती रचना होते. मग कोरेल्लीच्या रचनेवर वादकाची दुसरी रचना कायमची चिकटते. अशा वेळी साधे वादन अधिक सच्चे ठरू शकते.

इतिहासपक्ष : छापील अलंकरणही असेच गोठलेले असते, तरीही त्या काळाने ते छापले. टेलेमानने १७२८ आणि १७३२ मध्ये ‘मेथोडिकल सोनाटा’ प्रसिद्ध केले, तेव्हा पहिल्या संथ भागाची साधी ओळ आणि अलंकृत ओळ एकाखाली एक दिली. शिकणाऱ्याने ती पाहावी, मग आपली काढावी. तबकडीकडेही त्याच नजरेने पाहता येते.

वर्तमानपक्ष : त्या नजरेने पाहिले तर तबकडी उदाहरण ठरते, प्रमाण ठरत नाही. आपला पक्ष गेली कित्येक वर्षे तिला प्रमाण म्हणत आला आहे. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रिचर्ड टॅरस्किनने १९८० च्या दशकात हेच दाखवून दिले. जुन्या वाद्यांची हलकी, चपळ, कोरडी शैली बरोकपेक्षा विसाव्या शतकाच्या आवडीलाच अधिक जवळची आहे, आणि म्हणूनच ती आजच्या श्रोत्याला पटते.

इतिहासपक्ष : टॅरस्किनचा आक्षेप अधिकाराच्या भाषेवर होता. त्याने जुनी वाद्ये टाकून द्यायला सांगितले नाही. तो स्वतः व्हायोला द गांबा वाजवत असे.

या देवाणघेवाणीत दोन्ही पक्षांनी एकेक पाऊल मागे घेतले आहे, आणि सत्य त्याच मधल्या जागेत आहे. जुने वादन जसेच्या तसे परत आणता येत नाही. रोजेची १७१० ची ओळ हातात असली तरी ती किती द्रुत, किती ढिल्या लयीत, कोठे श्वास घेऊन वाजवायची हे कागद सांगत नाही. तरीही अलंकरणाविना मुद्रित केलेला कोरेल्ली अपुराच राहतो. जो वादक रोजेची ओळ घोटून, बाजूला ठेवून, स्वतःची ओळ काढतो त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांत मोलाचे. मॅन्झच्या फोलियात आणि संथ भागांत हा धीटपणा आहे. कधी कधी तो अतिरेकाकडे झुकतो, पण सावध नीरसतेपेक्षा तो अतिरेक बरा.

स्टुडिओ एखाद्या रचनेला उलट मदतही करतो. याचे ठळक उदाहरण हाइन्रिख इग्नाझ फ्रान्झ बीबर याचे ‘रोझरी सोनाटा’. बीबर १६४४ मध्ये बोहेमियात जन्मला आणि साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात नावारूपाला आला. जपमाळेतल्या पंधरा प्रसंगांवरचे पंधरा सोनाटा आणि शेवटी एकट्या व्हायोलिनची पासाकाग्लिया, असे हे हस्तलिखित १६७० च्या दशकातले असून म्युनिकच्या बायर्न राज्य ग्रंथालयात आहे. त्याचे शीर्षकपृष्ठ हरवले आहे. प्रत्येक सोनाटाच्या आरंभी त्या प्रसंगाचे चित्र आहे. पहिला सोनाटा आणि पासाकाग्लिया सोडली तर बाकी प्रत्येक सोनाटासाठी व्हायोलिनच्या तारा वेगळ्या सुरांत मिळवाव्या लागतात. पुनरुत्थानाच्या अकराव्या सोनाटात तर मधल्या दोन तारा एकमेकींवरून ओलांडून जागा बदलतात आणि वाद्यावर क्रूसाची आकृती तयार होते.

वर्तमानपक्ष : मैफलीत हे सर्व सोनाटा सलग वाजवायचे तर कित्येक व्हायोलिने तयार ठेवावी लागतात, नाहीतर तारा पुन्हापुन्हा उतरवताना-चढवताना त्या सुरात राहत नाहीत. तबकडीवर वादक एक सोनाटा वाजवतो, तारा मिळवतो, त्या स्थिरावेपर्यंत थांबतो आणि पुढे जातो. हे यंत्र बीबरकडे नव्हते, पण त्याच्या रचनेला न्याय त्या यंत्रानेच दिला.

इतिहासपक्ष : आणि तारा अशा रीतीने मिळवण्याचा परिणाम तातीच्या तारांवरच खरा ऐकू येतो. ताण वाढला की स्वर टोकदार होतो, ढिला पडला की घोगरा आणि अंधारा. यातनेच्या आणि आनंदाच्या प्रसंगांना बीबरने दिलेला रंग तो हाच.

येथे दोन्ही पक्ष एकत्र येतात. एडुआर्ड मेल्कुसने १९६७ मध्ये आर्खिव्हसाठी हे सोनाटा मुद्रित केले तेव्हा साथीला हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन आणि ल्यूट अशी रंगीत योजना केली. पुढे जॉन हॉलोवे, राइनहार्ड ग्योबेल, मॅन्झ आणि रेचल पॉजर यांची ध्वनिमुद्रणे आली. १९०५ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका विद्वन्मालेत प्रथम छापलेली ही रचना आज सर्वपरिचित आहे, ती जवळजवळ पूर्णपणे तबकडीमुळे.

यान डिस्मास झेलेंकाचेही तसेच आहे. ड्रेस्डेनच्या दरबारात डबल बास वाजवणाऱ्या या बोहेमियन संगीतकाराने १७२० च्या सुमारास ओबो, बसून आणि कंटिन्युओसाठी सहा सोनाटा लिहिले. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी इतके कठीण आणि इतके गुंतागुंतीचे सोनाटा त्या काळात दुसऱ्या कोणी लिहिल्याचे आढळत नाही. त्यांचे नाव झाले ते हाइन्झ होलिगर, मोरिस बूर्ग आणि क्लाउस थुनेमान यांच्या १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणाने, आणि ही तिन्ही वाद्ये आधुनिक होती. हा पुरावा वर्तमानपक्षाने अभिमानाने सांगावा असा आहे. दुसरीकडे नोव्हाराच्या मठात राहून १६९३ मध्ये सोनाटांचा संग्रह छापणारी इझाबेल्ला लेओनार्दा आणि पॅरिसमध्ये १७०७ मध्ये व्हायोलिन सोनाटा प्रसिद्ध करणारी एलिझाबेथ झाके द ला गेर या दोघी ऐकू येऊ लागल्या त्या मुख्यतः जुन्या वाद्यांच्या वादकांमुळे.

तबकडीने नावे उजळली, तशी चुकीची नावेही रूढ केली. हँडेलच्या ओपस १ मध्ये छापलेले काही व्हायोलिन सोनाटा त्याचे नाहीत, असे संशोधकांचे आता जवळजवळ एकमत आहे. लंडनचा प्रकाशक जॉन वॉल्श याने तो संग्रह आधी ॲम्स्टरडॅमच्या रोजे प्रकाशनसंस्थेचे खोटे नाव घालून काढला होता. ए मेजर आणि ई मेजरमधले ते सोनाटा विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या व्हायोलिनवादकांनी हँडेलच्या नावावर मुद्रित केले आणि श्रोत्यांनी हँडेल म्हणूनच प्रेमाने ऐकले. ‘इल पास्तोर फिदो’ हे सोनाटा पॅरिसमध्ये १७३७ मध्ये विवाल्दीच्या ओपस १३ म्हणून निघाले. ते निकोला शेदेव्हीलचे असल्याचा १७४९ चा कायदेशीर दस्तऐवज १९९० मध्ये प्रकाशात आला. तोवर विवाल्दीच्या नावाने त्यांच्या कितीतरी तबकड्या निघून गेल्या होत्या. आल्बिनोनीचा म्हणून जगभर वाजणारा जी मायनर अदाजो रेमो जाझोत्तोने १९५८ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो त्याचीच रचना मानला जातो. क्राइस्लरने तर जुन्या संगीतकारांची म्हणून वाजवलेली कित्येक छोटी पदे आपलीच असल्याचे १९३५ मध्ये जाहीर केले.

वर्तमानपक्ष : संगीत आवडले, तर नावाने काय बिघडते?

इतिहासपक्ष : ज्याचे नाव लागते त्याच्याविषयीची आपली समजूत बिघडते, आणि ज्याचे नाव पुसले जाते त्याच्यावर अन्याय होतो. शेदेव्हीलला अडीचशे वर्षे त्याचे श्रेय मिळाले नाही.

नावाच्या बाबतीत इतिहासपक्ष निर्विवाद बरोबर आहे. गज, मंद्राची साथ आणि वाद्यांचा तोल या बाबतींतही ऐकणाऱ्याचा कल त्याच्याकडे झुकतो. पण प्रमाणाचा अधिकार त्याला देता येत नाही. तो वर्तमानपक्षाने योग्यच काढून घेतला. म्हणून ध्वनिमुद्रण काढणाऱ्यांकडे एवढी मागणी रास्त आहे: कोणती आवृत्ती किंवा हस्तलिखित वापरले, वाद्ये आणि गज कोणत्या घडणीचे, मूळ सूर किती, अलंकरण कोणाचे, आणि रचना त्या संगीतकाराची असल्याबद्दल शंका आहे का, हे तबकडीबरोबरच्या टिपणात स्पष्ट छापावे. पुष्कळ कंपन्या हे करतात. आता ऑनलाइन ऐकताना मात्र ही माहिती बहुधा गळून पडते, आणि हे नुकसान खरे आहे.

वाचकाला ओपस ५ मधला तिसरा, सी मेजरमधला सोनाटा घेऊन आरंभ करता येईल. त्याचा पहिला अदाजो आधी १७०० च्या साध्या ओळीवर नजर ठेवून ऐकावा, मग १७१० च्या अलंकृत ओळीवर. दोन्ही ओळी महाजालावरच्या स्वरलेखांच्या संग्रहांत विनामूल्य मिळतात. त्यानंतर त्याच भागाची आणखी दोन-तीन ध्वनिमुद्रणे ऐकावीत, एक तरी आधुनिक वाद्यांवरचे. एकाच तबकडीवर कोरेल्लीला ओळखू नये.